सलूनची बचत ब्लेडमध्ये नको, फेसात करा

कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांतली माणसे येथे किराणा, कापड, औषध आणि हजामत अशी चार कामे एका खेपेत उरकून परत जातात. त्यामुळे येथील सलूनवाल्याचे गिऱ्हाईक आणि आम्हा कापडवाल्यांचे गिऱ्हाईक बहुधा एकच असते. त्याचा धंदा बसला तर त्याची झळ आम्हालाही लागते.

मध्यंतरी एक तरुण सलूनवाला माझ्या दुकानी आला. एक डझन नॅपकिन हवे होते, तेही उधार. मागची उधारी अजून फिटलेली नव्हती. मी म्हटले, ‘‘बेटा, कापड देतो, पण आधी तुझा हिसाब दाखव.’’ तो म्हणाला, ‘‘चाचा, हिसाब कसला? सकाळी गल्ला रिकामा, रात्रीही रिकामा. मुदलात फायदाच नाही. पावसाळ्यानंतर दुकान बंद करून नवी मुंबईत कोणाकडे तरी खुर्चीवर कामाला लागणार.’’ मग हळूच म्हणाला, ‘‘खर्च वाचवायचा म्हणून हल्ली एकच ब्लेड दोन-तीन गिऱ्हाइकांना चालवतो.’’

हे ऐकून मला धक्का बसला. उधारीचे दुःख एकवेळ सोसता येते. परंतु एकाच्या गालावरून फिरलेले ब्लेड दुसऱ्याच्या गालाला लावणे हा बचतीचा मार्ग नव्हे. त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे निघाले ते आपल्या हज्जाम, सलमानी आणि जनरल स्टोअर चालवणाऱ्या बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे. दाढी राखावी की काढावी, हा उलेमांचा विषय आहे. पण दाढी राखणाऱ्यालाही मिशा कातराव्या लागतात, गाल व मान साफ करावी लागते. बाळाच्या अकीक्याला डोके उतरवावे लागते आणि हज-उमऱ्यानंतर हलक करावे लागते. मिशा व नखे चाळीस दिवसांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे वस्तऱ्याचे काम प्रत्येक घरात आहेच.

धोकटीपासून खुर्चीपर्यंत

पूर्वीचा न्हावी धोकटी घेऊन दारोदार फिरत असे. तीत एक वस्तरा, कैची, नराणी, वाटी, आरसा, पथरी आणि चामड्याचा पट्टा एवढेच सामान. वस्तरा पथरीवर लावायचा, पट्ट्यावर फिरवायचा. एकदा घेतलेला चांगला वस्तरा बापाकडून मुलाकडे जायचा. मजुरी बलुत्याच्या रूपाने, सुगीत भातावर मिळायची. त्यामुळे सामानाचा रोजचा खर्च जवळजवळ नव्हताच.

अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि या धंद्याचे गणित बदलले. दांडा एकदाच घ्यायचा, पण ब्लेड सतत घेत राहायचे. कारखानदाराची खरी कमाई पुन्हा पुन्हा विकल्या जाणाऱ्या ब्लेडवर होऊ लागली. १९७१ मध्ये दोन ब्लेडांचे, १९९८ मध्ये तीन ब्लेडांचे आणि २००६ मध्ये पाच ब्लेडांचे रेझर आले. प्रत्येक वेळी बदलायचा भाग महाग झाला. याच कंपनीने २०१० साली भारतासाठी एका ब्लेडचा स्वस्त रेझर काढला. तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि बदलायचा भाग ५ रुपयांना होता. आपल्या देशातील गिऱ्हाईक दुधारी ब्लेडचा हिसाब नीट जाणतो, हे मोठ्या कंपनीलाही कळले होते असे म्हणावे लागेल.

हिसाब काय सांगतो?

आता त्या तरुणाच्या दुकानाचा हिसाब पाहू. भाव ठिकाणाप्रमाणे कमी-जास्त होतात. वाचकांनी आपापले भाव घालून आकडे पुन्हा मांडावेत.

समजा रोज १२ दाढ्या आणि महिन्यात २६ दिवस काम, म्हणजे ३१२ दाढ्या. सलूनच्या उस्तऱ्यात अर्धे ब्लेड लागते. दुधारी ब्लेड मधोमध मोडले की दोन गिऱ्हाइके होतात. प्रत्येकाला नवे अर्धे ब्लेड लावले तर महिन्याला १५६ ब्लेड लागतील. एक ब्लेड २ रुपयांना धरले तर खर्च ३१२ रुपये. आमचा तरुण एक अर्धे ब्लेड तिघांना चालवत होता. त्यामुळे त्याला ५२ ब्लेड लागत आणि १०४ रुपये खर्च होई. म्हणजे महिन्याला वाचले २०८ रुपये, दिवसाला फक्त ८ रुपये.

या आठ रुपयांसाठी तो काय धोक्यात घालत होता? लोक एड्सला भितात, आणि सावध राहणे योग्यच आहे. परंतु वस्तऱ्याच्या बाबतीत ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू जास्त चिवट आहे. वाळलेल्या रक्तात तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही तो पसरतो आणि पुढे यकृत निकामी करू शकतो. हा धोका गिऱ्हाइकाला आहे, तसाच ब्लेड मोडताना बोट कापून घेणाऱ्या कारागिरालाही आहे. या काविळीवर लस आहे. तिचे तीन डोस असतात. दुसरा डोस एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी घेतात. प्रत्येक सलूनवाल्याने डॉक्टरांना विचारून ती घ्यावी.

आता दुसऱ्या खर्चाकडे पाहा. तो किरकोळ दुकानातून क्रीमच्या लहान ट्यूब घेत असे. समजा एका ग्रॅमला १ रुपया पडला. ट्यूब सरळ गालावर दाबायची सवय असल्याने एका दाढीला ३ ग्रॅम तरी जात. ३१२ दाढ्यांना ९३६ ग्रॅम म्हणजे ९३६ रुपये! वर प्रत्येकाला रुपयाभर खर्चाचे सुगंधी लोशन, त्याचे ३१२ रुपये.

त्याचा जुना खर्च असा: ब्लेड १०४, क्रीम ९३६, लोशन ३१२, एकूण १,३५२ रुपये. ज्या ब्लेडवर तो काटकसर करत होता तो खर्च सर्वांत लहान होता. सर्वांत मोठा खर्च फेसाचा होता आणि त्याकडे त्याचे लक्षच नव्हते.

नवा हिसाब आम्ही असा बसवला. ब्लेड घाऊक बाजारातून घेतल्यास समजा १ रुपया ६० पैशांना पडले, तर १५६ ब्लेडांचे २५० रुपये. क्रीम सलूनसाठी येणाऱ्या मोठ्या ट्यूबमधून घेतल्यास समजा ग्रॅमला ५० पैसे. वाटीत ब्रशने फेस केला तर दीड ग्रॅम पुरते. ३१२ दाढ्यांना ४६८ ग्रॅम, म्हणजे २३४ रुपये. लोशनऐवजी तुरटीचे पाणी, त्याला महिन्याला फार तर २० रुपये. एकूण ५०४ रुपये.

म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावूनही महिन्याला ८४८ रुपये वाचतात. वर्षाला ही रक्कम दहा हजारांच्या वर जाते. त्या तरुणाने दोन वेळा बेरीज करून पाहिली. आपण चुकीच्या ठिकाणी कंजूषी करत होतो, हे त्याला तेव्हा पटले.

फेस कमी साबणात कसा होतो?

यात काही जादू नाही. दाढीचा केस कोरडा असताना कडक असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजला की पाणी शोषून मऊ होतो आणि ब्लेडवर ताण कमी येतो. म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाचे काम संपत आले की पुढच्याला तोंड धुऊन ओला पंचा गालावर धरायला सांगावे. वेळही जात नाही आणि साबणही कमी लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाशी मिळून साका धरतात आणि फेस होत नाही. मग कारागीर आणखी क्रीम दाबतो. अशा ठिकाणी फेसापुरते पाणी नळाचे किंवा नदीचे, उकळून गाळलेले वापरावे. पावसाळ्यात पागोळीचे स्वच्छ पाणी साठवता आले तर त्याहून हलके पाणी नाही. दिवसाला एक कळशी पुरे होते.

तिसरी गोष्ट तुरटीची. तुरटीने बारीक जखमेचे रक्त थांबते आणि कातडी आवळते. पण एकच खडा सर्वांच्या गालावर फिरवणे म्हणजे एकच ब्लेड सर्वांना वापरण्यासारखे आहे. तुरटी कुटून पाण्यात विरघळवावी, बाटलीत भरावी आणि कापसाच्या बोळ्याने लावून बोळा टाकून द्यावा. ज्यांना लोशनमधील अल्कोहोलविषयी शंका वाटते, त्या गिऱ्हाइकांनाही हे बरे वाटते.

उस्तऱ्याचा सांगाडा धातूचा घ्यावा आणि दोन-तीन ठेवावेत. एक वापरात असताना दुसरा साबणाने घासून वीस मिनिटे उकळावा. वापरलेले ब्लेड कचऱ्यात उघडे टाकू नये. झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ते टाकत जावे. कचरा वेचणारी मुलेही कोणाची तरी लेकरेच असतात.

ब्रशची बाब

येथे आपल्या बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. दाढीचे अनेक जुन्या पद्धतीचे ब्रश डुकराच्या केसांचे असतात. वेष्टणावर ‘बोअर ब्रिसल’ किंवा नुसते ‘प्युअर ब्रिसल’ असे लिहिलेले असेल तर चौकशी केल्याशिवाय घेऊ नये. कोकणातील आपण बहुतेक शाफई आहोत आणि या मसलकात डुकराच्या नजासतीचा हुकूम किती कडक आहे, हे सांगण्याची गरज नाही. अनेक सलूनवाल्यांना आपल्या हातात काय आहे याची कल्पनाही नसते.

कापडाच्या धंद्यात आम्ही धागा जाळून पाहतो. तीच पारख येथे चालते. ब्रशचा एक केस उपटून काडीने जाळावा. नायलॉन असेल तर तो वितळून त्याचा कडक मणी होतो. जनावराचा केस असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. केस कोणत्या जनावराचा, हे मात्र जळण्यावरून कळत नाही. म्हणून सरळ नायलॉनचा ब्रश घ्यावा. तो स्वस्त पडतो, लवकर वाळतो आणि आपल्या पावसाळ्यात कुजत नाही. काम झाल्यावर धुऊन, झटकून, केस खाली येतील असा टांगावा.

टॉवेल कोणता?

आता माझ्या धंद्याचा विषय. सोलापूरचा टर्किश टॉवेल नावाजलेला आहे आणि घरी वापरायला उत्तमच. सलूनमध्ये मात्र तो महाग पडतो. जाड टॉवेल धुवायला पाणी व साबण जास्त लागतो आणि आषाढ-श्रावणात तो दोन-दोन दिवस वाळत नाही. मग सलूनवाला तोच दमट टॉवेल चार माणसांना वापरतो. त्यापेक्षा पातळ सुती पंचे घ्यावेत, किंवा मांजरपाटाचे कटपीस घेऊन त्याचे नॅपकिन शिवून घ्यावेत. एका टॉवेलच्या पैशांत तीन-चार नग होतात. प्रत्येकाला धुतलेला पंचा देता येतो. पॉलिस्टर मिसळलेले कापड स्वस्त असले तरी पाणी टिपत नाही, ते टाळावे. हे सांगताना माझाच महाग माल खपणार नाही, याची मला जाणीव आहे. पण गिऱ्हाईक टिकले तर पंचेही विकले जातील.

मिळून खरेदी

कशेळ्याचा एकटा सलूनवाला घाऊक मालासाठी मुंबईला गेला तर त्याचा दिवस बुडतो आणि भाडेही अंगावर पडते. मात्र पाच-सहा जणांनी मिळून महिन्याची यादी केली तर एकाने कर्जतहून लोकल धरून मस्जिद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून सर्वांचा माल आणता येतो. भाडे सहा हिश्श्यांत विभागले जाते.

ही कल्पना आपल्या तालुक्याला नवी नाही. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले भाई कोतवाल पुढे वकील झाले. सावकाराच्या कचाट्यातून शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी ते सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झाले. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी वाड्यांत धान्य बँकांचे काम केले. एकट्याच्या अडचणीवर सर्वांनी मिळून तोड काढायची, हाच दोन्हींचा गाभा. न्हाव्याच्या मुलाने ते शेतकऱ्यांसाठी केले; मग आज सलूनवाल्यांनी स्वतःसाठी का करू नये?

मिळून खरेदी करताना चार नियम पाळावेत. एक, पैसे आगाऊ जमा करावेत. उधारी नको, व्याजही नको. दोन, प्रत्येकाची रक्कम वहीत लिहून सही घ्यावी. देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश पवित्र कुरआनने दिला आहे, तो आपण लग्नाच्या मेहरपुरताच आठवतो. तीन, खरेदीची पावती सर्वांना दाखवावी. चार, माल आणणाऱ्याला मेहनताना हवा असेल तर तो आधी ठरवावा. भावात लपवू नये.

दुकानदार बांधवांसाठी

जनरल स्टोअरवाल्यांनाही एक विनंती आहे. नामांकित ब्लेडच्या नावाचा बनावट माल बाजारात येतो. भाव फारच कमी, छपाई पुसट, वेष्टणावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष किंवा कमाल किंमत नाही, असा माल कितीही नफ्याचा असला तरी घेऊ नये. वेष्टणावर ही माहिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि माहीत असून खोटा माल खरा म्हणून विकणे हलाल रोजीत बसत नाही.

दुसरे, २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर धरून जो माल ११८ रुपयांना पडत होता तो १०५ रुपयांना पडायला हवा. सलूनवाल्यांनी जुना भाव देण्याआधी विचारावे आणि दुकानदारांनी कमी झालेला कर गिऱ्हाइकाला द्यावा. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनमध्ये स्वतंत्र सूरह आहे, हे आपण जाणतोच.

घरचा हिसाब

जे घरीच दाढी करतात त्यांच्यासाठीही हेच गणित. समजा महिन्यात १५ वेळा दाढी, आणि एक दुधारी ब्लेड पाच वेळा चालले. तीन ब्लेडांचे ६ रुपये आणि साडेबावीस ग्रॅम क्रीमचे साडेबावीस रुपये. सगळा खर्च तीस रुपयांच्या आत. उलट महिन्याला दीडशेचा एक अनेक ब्लेडांचा भाग आणि दोन महिन्यांना दोनशेचा फेसाचा डबा घेतला तर महिन्याला २५० रुपये होतात. एका माणसामागे वर्षाला अडीच हजारांवर फरक पडतो. घरात बाप आणि दोन मुले असतील तर मुलाच्या शाळेची वह्या-पुस्तके त्यातून येतील. ब्लेड वापरल्यावर धुऊन झटकावे, धार कपड्याने पुसू नये, आणि पाकीट दमट मोरीत न ठेवता कोरड्या डब्यात ठेवावे.

फुजूलखर्ची करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊ म्हटले आहे. परंतु दुसऱ्याच्या जिवावर उठणारी काटकसरही मोमिनाला शोभत नाही. या दोन्हींच्या मधला रस्ता हिसाबाच्या वहीतून जातो.

त्या तरुणाला मी नॅपकिनऐवजी दोन डझन पातळ पंचे दिले. अर्धे पैसे रोख घेतले, उरलेले जुन्या उधारीसह वहीत लिहिले आणि त्याची सही घेतली. त्याच्या दुकानात आता एक पाटी आहे: ‘प्रत्येक गिऱ्हाइकास नवीन ब्लेड, आपल्या डोळ्यांसमोर.’ ब्लेडचे पाकीट तो गिऱ्हाइकासमोर फोडतो. नवी मुंबईला जायचे की नाही, हे त्याने दिवाळीपर्यंत पुढे ढकलले आहे. माझी उधारी अजून पूर्ण फिटलेली नाही, पण आता दर महिन्याला काहीतरी येते. अल्लाह त्याच्या आणि आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.